चुकांसकट वाजवलेले का पाठवता?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. पुतणीच्या लग्नात आपली भेट झाली तेव्हा बोलणे अर्धवट राहिले. पण हाच प्रश्न मला माझ्या नणंदेने विचारला आहे, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर सुरू करेपर्यंत विषय बदललेला असतो. तुमचे शब्द असे होते: "मैफल करायची नाही, परीक्षेला बसायचे नाही, मग पियानोवर चुकांसकट वाजवलेले रेकॉर्ड करून कधीही न भेटलेल्या माणसांना का पाठवता? आणि ती माणसे दर वेळी कौतुक करतात, त्या कौतुकाला किंमत किती?"

मी सांगलीत वाढले. घरी पेटी होती आणि गुरुवारच्या भजनाला साथ करता येईल इतपत ती मला येत होती. पुढे पुण्यात तीस वर्षे गणित शिकवले, आणि २०१७ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पियानो शिकायला घेतला. पट्ट्या त्याच काळ्या-पांढऱ्या, तेव्हा अर्धी वाट आधीच चालून झाली आहे, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात गेली. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा हात भाता चालवतो. पायपेटी वाजवणाऱ्यांचे दोन्ही हात मोकळे असतात, पण आमची हातपेटी होती. म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या बोटांनी इतक्या वर्षांत एकही स्वर वाजवलेला नव्हता. शिवाय पेटीचा स्वर पट्टी दाबलेली असेल आणि भात्यात हवा असेल तोवर टिकतो, आणि तो लहान की मोठा हे हवेवर ठरते, बोटावर नाही. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. स्वर किती मोठा उमटणार हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरते, आणि उमटल्या क्षणापासून तो केवळ विरत जातो. वाजवणाऱ्याला त्यानंतर त्याला फुलवता येत नाही. माझ्या डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण त्याच्या ८८ पट्ट्यांचे वजन आणि वागणे तसेच ठेवलेले आहे. पेटीवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट डोक्याने समजायला पाच मिनिटे पुरतात. हाताला समजायला काही वर्षे लागतात.

आणखी एक फरक मला फार उशिरा कळला. पेटी कधी एकटीने वाजली नाही. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "ते मघाचे पुन्हा घे गं". भजनात कुणाची तरी मान हलायची. पियानो मात्र रात्री नऊनंतर, कानांवर हेडफोन चढवून वाजवायचा, म्हणजे घरातल्यांना ऐकू येते ती केवळ पट्ट्यांची खटखट. तीन वर्षे मी अशी वाजवत होते. पुस्तकातले धडे पुढे सरकत होते, पण एखादी रचना पुरी झाली असे मला एकदाही म्हणता आले नाही, कारण अवघड जागा आली की मी थांबायचे, तेवढा तुकडा चार वेळा घ्यायचे, आणि पुढचे राहून जायचे. ऐकणारा समोर नसला की थांबायला काहीच हरकत नसते, आणि म्हणून शेवटपर्यंत जाण्याचीही गरज उरत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आमची शिकवणी पडद्यावर आली, तेव्हा एकत्र वाजवणे संपलेच. आवाजाला हवेतून दहा मीटर जायला सुमारे तीस मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या उशिरानेही दोन वादकांना एका लयीत राहणे जड जाऊ लागते. इंटरनेटवरून येणारा आवाज बहुधा त्याहून बराच मागे राहतो. मग शिकवणीतल्या आम्ही चौघींनी घरी वाजवून रेकॉर्डिंग एकमेकींना पाठवायला सुरुवात केली. ओळखीने ओळख वाढत गेली आणि आज आम्ही चाळीसेक जण आहोत. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचायला, शिकलेले पणजीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. टोरांटोत रात्रपाळी करणारी एक मराठी परिचारिका आहे. वांद्र्याला आजीचा जुना उभा पियानो सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, ज्यांच्या पियानोतला लाकडी नादफलक दर पावसाळ्यात दमटपणाने फुगतो आणि मधल्या सप्तकाचे सूर चढतात, त्यामुळे त्यांच्या जुलैच्या रेकॉर्डिंगला एक वेगळाच रंग येतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने एक रचना पाठवायची. ती एका बैठकीत, कापाकापी न करता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलेली असली पाहिजे. आणि निदान तिघांचे ऐकून त्यांना लिहायचे.

रेकॉर्डिंगचे बटण दाबल्यावर काय होते हे ज्याने केले आहे त्याला सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी बिनचूक गेलेली जागा तेव्हाच निसटते. माझे पहिले रेकॉर्डिंग पुरे व्हायला चार संध्याकाळी लागल्या. पण ते ऐकताना मला जे कळले ते तीन वर्षांत कळले नव्हते: सोप्या जागी मी घाई करत होते आणि अवघड जागेच्या दोन बार आधीच, भीतीने, लय ओढत होते. (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधले घर.) वाजवताना माणसाला स्वतःच्या मनातले ऐकू येत असते, हाताने प्रत्यक्षात काय केले ते नंतरच ऐकू येते. नव्याने येणाऱ्यांना मी एवढे आवर्जून सांगते, की फोनवरून बोलण्यासाठी केलेल्या व्हॉइस मेसेजमधून पियानो पाठवू नका. ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी असते. ती हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणू पाहते आणि विरत जाणाऱ्या सुराची आस खोलीतला गोंगाट समजून कापून टाकते. साधे रेकॉर्डर ॲप वापरावे, त्यातली आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद करता येत असेल तर करावी, आणि फोन पियानोवर न ठेवता चार हात दूर ठेवावा.

कापाकापी का नाही, असेही विचारले जाते. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या, आणि पुढे ध्वनिमुद्रणात वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे जोडण्याचे उघड समर्थन केले. त्यांच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांना निर्दोष रचना श्रोत्यापर्यंत पोचवायची होती. आम्हाला एकमेकांना हे सांगायचे असते, की आज मी इथपर्यंत आले आहे.

आता कौतुकाबद्दल. याविषयी मी लिहिते आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे, आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०२१ साली आमच्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. चाळीस वर्षांनी ते पियानोकडे परतले होते. त्यांनी जर्मन संगीतकार शूमानने १८४८ साली मुलांसाठी लिहिलेल्या संग्रहातली आनंदी शेतकऱ्याची छोटी रचना पाठवली. आम्ही तिघांनी त्यांना लिहिले, आणि माझे पत्र सर्वांत लांब होते. तीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाने लिहावे तसे, बारांचे आकडे घालून, मी सात चुका दाखवल्या: डावा हात अडखळतो, इथे स्वर गाळला, तिथे लय तुटली. त्यातली एकही चूक खोटी नव्हती. त्यांनी आभार मानले आणि त्यानंतर काहीच पाठवले नाही. दोन महिन्यांनी मी त्यांचा पहिला संदेश पुन्हा उघडला, तेव्हा रेकॉर्डिंगच्या खाली त्यांनी लिहिलेल्या दोन ओळी मला दिसल्या, ज्या मी वाचल्याच नव्हत्या. पक्षाघातानंतर त्यांच्या डाव्या हाताला पुन्हा बळ येत होते, आणि या रचनेत मुख्य चाल डाव्या हातात आहे म्हणून त्यांनी ती निवडली होती. ती चाल त्यांनी शेवटपर्यंत नेली होती. ज्या हाताचे मोल माझ्याइतके कुणाला कळायला हवे होते, त्याच हाताच्या चुका मी मोजल्या होत्या. मी क्षमा मागितली. त्यांचे उत्तर अतिशय सौजन्याचे होते. पण ते परत आले नाहीत.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. पाठवणाऱ्याने सोबत दोन ओळी लिहायच्या, की मी कशासाठी झटते आहे आणि तुम्ही काय ऐकावे असे मला वाटते. ऐकणाऱ्याने त्या आधी वाचायच्या, मग आपल्यापर्यंत काय पोचले ते लिहायचे, आणि दोष विचारले असतील तरच दाखवायचे. यावर काही जण म्हणतात, ही गोड बोलण्याची हमी झाली. मला ते मान्य नाही, कारण त्याच वेळी आम्ही नुसते "खूप छान" लिहिणेही सोडले. ते न ऐकतासुद्धा लिहिता येते. आपल्याकडे मैफलीत दाद कशी असते ते आठवून पाहा. समेवर, किंवा एखादी अवघड जागा घेतली त्याच क्षणी "वा" येते, आणि ती कुठे आली यावरून गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचा कान कळतो. लिहून दिलेल्या दादेलाही अशी जागा असावी लागते. सतराव्या बारात तुम्ही सूर सोडलात तो मला ऐकू आला, असे कुणी लिहिले की ऐकणारा माझ्याबरोबर सतराव्या बारापर्यंत आला होता एवढे नक्की होते.

एक उदाहरण देते. पोलिश संगीतकार शोपँच्या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या चोवीस प्रिल्यूडांपैकी, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनांपैकी, चौथे केवळ २५ बारांचे आहे. उजव्या हातात लांब, संथ स्वर आहेत, सुरुवातीला तर अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोनच स्वर आळीपाळीने येतात, आणि डावा हात खाली एकसारखे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या स्वरांचे गट, देत राहतो, एका बारात आठ. मी ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाठवले आणि खाली लिहिले, की वरचा स्वर माझ्या हातात मरून जातो, पेटीसारखा टिकत नाही, त्याचे काय करू? टोरांटोच्या परिचारिकेने रात्रपाळीवरून आल्यावर तीन वेळा ऐकून उत्तर लिहिले. तिचे म्हणणे होते, की वरचा स्वर मरत नाही, खालचे आठही कॉर्ड तुम्ही सारख्याच वजनाने देता म्हणून तो झाकला जातो. प्रत्येक वेळी तीन स्वरांपैकी बहुधा एखादाच अर्ध्या सुराने खाली उतरतो, तो कोणता हे ऐका, आणि बाकीचा डावा हात भाता चालवल्यासारखा राहू द्या. माझ्या डाव्या हाताला जे एकच काम चाळीस वर्षे येत होते, ते तिने मला परत दिले. दोन महिने मी केवळ डावा हात वाजवला. नोव्हेंबरमध्ये तेच प्रिल्यूड पुन्हा पाठवले, तेव्हा पणजीच्या गृहस्थांनी एकच वाक्य लिहिले: तेविसाव्या बारातल्या विरामात मी श्वास रोखून बसलो होतो. त्या विरामानंतर शेवटचे तीन कॉर्ड येतात.

हौशी या शब्दाला नाटकात आपण कमी लेखत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत दिवसभर नोकरी करणारी माणसे वर्षानुवर्षे उतरतात आणि पोट भरत नाही तर नाटक का करता, असे त्यांना कुणी विचारत नाही. संगीतात मात्र कलाकार आणि श्रोता अशी दोनच माणसे आहेत, असे आपण का धरून चालतो हे मला उमगत नाही. भजनी मंडळात तर सगळेच गातात. अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे १९९९ पासून पस्तिशी ओलांडलेल्या हौशी पियानोवादकांची स्पर्धा भरते. जर्मन संगीतकार बाखच्या पत्नीची, आना माग्दालेनाची, १७२५ ची वही तर घरात वाजवण्यासाठीच होती. त्या वहीतला, जगभरची मुले पियानोवर शिकतात तो जी मेजर या स्वरपट्टीतला मिन्युएट (एका जुन्या युरोपीय नाचाची छोटी रचना) बाखचाच मानला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचा असल्याचे सिद्ध झाले. कुणाला तरी तो आवडला आणि घरच्या वहीत उतरवून घेतला गेला, म्हणून तो माझ्या हातापर्यंत आला आहे.

या महिन्यात मी शूमानची तीच आनंदी शेतकऱ्याची रचना बसवते आहे. डाव्या हाताची चाल अजून नवव्या बारापाशी अडखळते, पण मी थांबत नाही, पुढे जाते. रविवारी ती सगळ्यांना पाठवीन, आणि त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडे अजून आहे, त्यांनाही एक प्रत पाठवीन. खालच्या दोन ओळी मी आधीच लिहून ठेवल्या आहेत.