तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तो व्हॅक्यूम क्लीनर घेऊ का?’

महिन्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, “ताई, तुमचा तो साडेचार हजारवाला व्हॅक्यूम क्लीनर कसा आहे? घेऊ का?” चूक माझीच. तीन वर्षांपूर्वी तो घरी आला त्याच संध्याकाळी सोफ्यातून निघालेल्या धुळीचा फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘रोज झाडलेल्या घरातून एवढं निघालं! डोळे मिटून घ्या.’ तो मेसेज अजून फिरून राहिला आहे. लिफ्टमध्ये तीन मजल्यांत याचं खरं उत्तर देता येत नाही, आणि “बरा आहे” म्हणायचा मला आता कंटाळा आला आहे.

तर आधी चांगलं. स्लायडिंग खिडकीच्या खाचा. ज्याने सुईला फडकं गुंडाळून त्या खाचा काढल्या आहेत त्यालाच कळेल मी काय म्हणते. बारीक तोंडाचा नोझल लावला की दोन मिनिटांत खाच मोकळी. दिवाणाखालचं, सोफ्याच्या फटीतलं, पडद्यांवरचं, मच्छरजाळीवरचं, सगळं जातं. नळी उलट बाजूला लावली की तोच डबा हवा फेकतो. मार्चमध्ये कूलर काढला की मी तो गच्चीवर नेऊन आधी या हवेने झोडपते, नाहीतर पहिल्या दिवशी बटन दाबलं की वर्षभराची धूळ तोंडावर. आपल्या नागपुरात कूलर म्हणजे मे महिन्याच्या ४५ अंशांतही खिडकी उघडी ठेवणं आलं. त्यात रस्ते सिमेंटचे करायचं काम कुठे ना कुठे सुरूच. ज्यांच्याकडे बारा महिने एसी आणि बंद खिडक्या आहेत, त्यांनी मला हा प्रश्न विचारूच नये.

आता वाईट. आवाज असा की फोन वाजलेला कळत नाही. वायर आखूड. डबा दाव्याच्या वासरासारखा मागे ओढावा लागतो आणि प्रत्येक उंबऱ्याला अडून बसतो. लांब केस ब्रशला गुंडाळतात, ते कात्रीनेच काढायचे. नंतर पोछा मारावाच लागतो. बाई सोडायचा विचार करून घेत असाल तर नकाच घेऊ. बर्डीच्या दुकानात मला “१२०० वॅट, मॅडम” असं चारदा सांगितलं होतं. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते. ओढतं किती, ते पिशवी किती भरली आहे, नळी कुठे चिरली आहे, जोड किती ढिले आहेत यावर असतं. आणि पिशवी रिकामी करणं हे एक वेगळंच प्रकरण. गॅलरीत झटकली की अर्धी धूळ वाऱ्याबरोबर घरात परत.

लोकांना इथवरच ऐकायचं असतं. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. मिस्त्रीने कटर घरातच चालवला, कोरडा. पांढरी पिठासारखी पूड पार देवघरापर्यंत. बाई गावी गेलेली, नणंद भाऊबीजेला येणार, माझी सुट्टी एकच. झाडू मारला तर पूड उठून परत तिथेच बसे. मग मी मशीन काढलं. सासूबाई हॉलमध्ये खुर्चीवर बसून वाती करत होत्या. त्यांना दमा जुना, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. “आई, तुम्ही शेजारी जाऊन बसा” असं मी म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही. म्हटलं असं मी नवऱ्याला सांगितलं आहे.

वीसेक मिनिटं झाली असतील. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि त्या तिरिपेत मला दिसलं की डब्याच्या मागच्या जाळीतून बारीक पांढरा धूर निघतो आहे. धूर नव्हता तो. पुढून ओढलेली पूड मागून बाहेर येत होती. कापडी पिशवी सोफ्यातला कचरा, केस, मुरमुरे अडवते. सिमेंटची आणि टाइलची पूड केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. ती कापडाची छिद्रं आधी बुजवते आणि उरलेली आरपार जाते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो तो हेपा फिल्टर. या किमतीच्या माझ्या मशीनमध्ये फोमचा एक तुकडा होता. हे सगळं मी नंतर वाचलं. पण दिसलं तेव्हाच होतं. मी थांबले नाही. एकच खोली राहिली होती.

मग मशीनच थांबलं. पिशवी बुजली की आत हवा जात नाही, आणि मोटर त्याच हवेवर थंड राहते. ती तापली की आतला कटआउट मशीन बंद करतो. म्हणजे त्या स्वस्त डब्यालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. मी काय केलं? अर्धा तास वाट पाहिली, पिशवी झटकली आणि परत सुरू केलं.

रात्री दोन वाजता सासूबाई पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होत्या. पंपाचे चार फवारे झाले, फरक नाही. मनीषनगरहून वर्धा रोडला गाडी काढेपर्यंत त्यांचे ओठ कसे दिसत होते ते लिहीत नाही. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, मास्क चढला. पहाटे मास्क बाजूला करून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं : “ते मशीन गरम होऊन राहिलं होतं. प्लग काढला होता ना?”

मशीन घ्यायला त्यांचा विरोध होता. “दोन हातांचं काम, अन् साडेचार हजार!” हे मी महिनाभर ऐकलं होतं. त्या रात्री ‘मी म्हटलं होतं’ असं त्या म्हणाल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

बचाव माझ्याकडे आहेत. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत असे पेशंट येतातच. गारठा असतो, फटाके असतात, नक्की कशाने ते सांगता येत नाही. मिस्त्रीने पाणी मारून टाइल कापली असती तर पूड उडालीच नसती. आणि पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सिमेंट, राख, प्लास्टर ओढू नये. तेव्हा मशीनचा दोष नाही. पण मी पुस्तिका उघडली नव्हती, आणि ‘डोळे मिटून घ्या’ लिहिणारी बाई तेव्हा मला फार हुशार वाटत होती. तिला आज काही सांगायला गेलं तर ती म्हणेल, खिडकीच्या खाचा मग कशाने काढशील? याला माझ्याकडे उत्तर नाही. मशीन मी विकलेलं नाही.

मागच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन. त्यांच्या नातवाला धुळीची ॲलर्जी निघाली आहे, म्हणून घ्यायचं आहे. मी म्हटलं, मग हेपावालं बघा, आणि नुसतं डब्यावर लिहिलेलं बघू नका. फिल्टर बदलायला मिळतो का, कितीला मिळतो ते विचारा. त्या म्हणाल्या, “तुझं तर साध्याच फिल्टरचं आहे ना, चालूनच राहिलं आहे.” हो, चालू आहे.

शनिवारी सकाळी मी डबा गॅलरीत ठेवते, मागची जाळी रस्त्याकडे, आणि फक्त नळी-पाईप दारातून आत घेते. निघायची ती धूळ बाहेर निघते. सासूबाई त्या वेळी खाली मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसतात. पाईप हॉलच्या अर्ध्यापर्यंतच पोचतो. आतल्या खोल्यांत मी झाडूच मारते, आणि तो होईपर्यंतही त्या वर येत नाहीत.