वायर कुठे गेली?

गव्हाचं शेत. कललेलं ऊन. त्या उन्हातून गिटार घेऊन चाललेला एक दाढीवाला मुलगा. गिटारला कव्हर नाही, पाठीवर सॅक नाही, नजर पोचेल तिथवर गाव नाही. एवढं महागाचं वाद्य धुळीतून मिरवत हा कुठे निघालाय, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या कडव्याला त्याला मित्र भेटतात. एकाकडे बँजो, एकाकडे माणसाएवढा डबल बास, एक मुलगी टँबरीन हलवत गोल फिरतेय. अंगात वेस्टकोट, पँटींना गॅलिस. शेवटच्या कडव्यापर्यंत रात्र होते, शेकोटी पेटते आणि झाडाला बल्बच्या माळा लागतात. भर रानात. कनेक्शन कुणाच्या मीटरवरून घेतलंय, ते कळत नाही.

इंडी-फोक, म्हणजे लहान बँडच्या लोकगीतांच्या वळणाच्या गाण्यांचे हे व्हिडिओ मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी जेवण झाल्यावर आडवं पडून एकापाठोपाठ एक बघावेत असा हा प्रकार आहे. पण माझी नजर लहानपणीच बाटली. माझ्या मामाचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, सत्यनारायण, गणपती, निवडणुका. सुट्टीत आजोळी गेलो की माझ्याकडे वायरी गुंडाळायचं काम असे. अंगठा आणि कोपर यांच्यात वायर भराभर गुंडाळली की मामा ओरडायचा, कारण तशी गुंडाळली की वायर पिळते आणि आत कुठेतरी तार तुटते. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, असं हातावर घ्यायचं. मग ओढली की लांबच लांब सरळ पसरते. तेव्हापासून कुणी गाताना दिसलं की मी चेहऱ्याआधी त्याच्या पायाशी बघतो. माइकची वायर कुठून कुठे गेलीय?

या व्हिडिओंत ती कुठेच जात नाही, कारण ती नसतेच. कानाला ढोलासारखा बास ड्रम ऐकू येतो, मागे व्हायोलिनं असतात, पाच-सहा जणांचा कोरस असतो; डोळ्यांना दिसतं एक लाकडी गिटार आणि भरपूर गवत. वीज नावाची गोष्ट अजून या प्रदेशात पोचलेली नाही, असा सगळ्यांनी मिळून समज करून द्यायचा, हा या प्रकारातला पहिला नियम. बाकीचं सगळं, म्हणजे जुनी व्हॅन, लोकरीची टोपी, लाकडी कोठार, हे त्यामागून येतं.

या लपवालपवीचा माझा सगळ्यात आवडता किस्सा न्यूयॉर्कचा आहे. १८ नोव्हेंबर १९९३. एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी निर्वाणा हा बँड सोनीच्या स्टुडिओत बसला होता. स्टेजवर लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या, वर झुंबर. ही सजावट बँडचा गायक कर्ट कोबेन यानं स्वतः मागितली होती. निर्मात्यानं विचारलं, म्हणजे अंत्यविधीला असते तशी? तो म्हणाला, अगदी तशीच. पण आपल्या अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधूनच यावा, हा हट्टही त्याचाच. आता ज्या कार्यक्रमाचं सगळं भांडवलच वायर काढून वाजवणं हे आहे, तिथे अ‍ॅम्प दाखवायचा कसा? मग अ‍ॅम्पपुढे एक खोटं खोकं ठोकलं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी तिरके मॉनिटर ठेवलेले असतात, त्यातलाच एक वाटावा असं. प्रेक्षकांना मेणबत्त्या दिसल्या, खोकं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामाच्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, यात काय विशेष, आम्ही अ‍ॅम्पवर सतरंजी टाकायचो. कोबेनची ती गिटार २०२० साली लिलावात सुमारे ६० लाख डॉलरला गेली. घेणारा कोण? ऑस्ट्रेलियातल्या एका माइक बनवणाऱ्या कंपनीचा मालक.

एकटाच चालत जाणारा गायक हाही असाच निरखून बघण्यासारखा. त्याचा मला आठवणारा जुना नमुना फोकमधला नाही, कोल्डप्ले या बँडचा आहे. सन २०००, गाणं ‘यलो’. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, स्टडलंडला, बँडचा गायक ख्रिस मार्टिन पावसाळी जॅकेट घालून ओल्या वाळूतून कॅमेऱ्याकडे चालत येतो. बस्स, एवढंच. बाकीचा बँड नाही, कारण त्या दिवशी ड्रमरच्या आईचे अंत्यसंस्कार होते. त्यात हवा खराब. म्हणून एकट्याला चालवलं. खरी गंमत पुढे आहे. चित्रण नेहमीच्या दुप्पट, सेकंदाला ५० फ्रेमनं केलं, म्हणजे पडद्यावर सगळं निम्म्या वेगानं दिसणार. मग ओठ गाण्याशी जुळावेत म्हणून किनाऱ्यावर गाणं दुप्पट वेगानं लावलं आणि बिचारा त्या चिरक्या आवाजाबरोबर भराभर ओठ हलवत भिजत चालला. परिणाम असा की लाट सावकाश फुटते, केस सावकाश उडतात, पण शब्द मात्र बरोबर तालावर. माणूस कुठल्यातरी वेगळ्याच हवेत वावरतोय असं वाटतं. हे एकदा कळलं की असले सगळे व्हिडिओ बघताना मी पापण्यांकडे बघतो. उघडझाप संथ आणि ओठ मात्र वेळेवर असतील तर समजावं, तिकडे गाणं घाईत वाजत होतं.

माळांच्या दिव्यांचं कारण त्यामानानं सोपं आहे. २००८ साली कॅननचा एक फोटोचा कॅमेरा आला, जो व्हिडिओही घ्यायचा. त्यातला सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. एवढ्या सेन्सरवर चांगली लेन्स लावली की चेहरा लख्ख आणि मागचं सगळं पुसट होतं. तोवर हे काम सिनेमावाल्यांच्या भाड्याच्या कॅमेऱ्यांनाच जमायचं. आता कॉलेजच्या पोरांना जमू लागलं. आणि मागे साधी बल्बची माळ टांगली की एकेक दिवा लाडवाएवढा गोल होऊन तरंगायला लागतो. मागची भिंत पोपडे निघालेली असली तरी चालतं. गरिबाघरी एवढी शोभा दुसऱ्या कशानं आली असती?

न लपवणारेही आहेत, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त पटतात. पॅरिसच्या ‘ला ब्लोगोतेक’ या संगीताच्या वेबसाइटनं २००६ पासून बँडना रस्त्यावर, जिन्यात, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये वाजवायला लावलं आणि हातात कॅमेरा धरून, बहुतेक वेळा एका दमात, चित्रित केलं. आर्केड फायर या बँडला तर ऑलिंपिया थिएटरच्या सामानाच्या लिफ्टमध्ये कोंबलं. तालासाठी एक जण मासिकाची पानं फाडतोय. टर्र, टर्र. तिथे माइक मध्येच चौकटीत डोकावला तरी कुणाचं बिघडत नाही. अमेरिकेत त्याच सुमाराला, २००८ मध्ये, एनपीआर रेडिओच्या ऑफिसात एका माणसाच्या टेबलामागे गायक उभे करायला सुरुवात झाली. मागे पुस्तकांची रांग, शोभेच्या वस्तू, फायली. टेबलावर माइक ढळढळीत दिसतो. मामाला ही जागा आवडली असती, फक्त त्यानं ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हटल्याशिवाय सोडलं नसतं.

वेस्टकोट आणि कोठाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त बोलणी ममफर्ड अँड सन्स या बँडनं खाल्ली. पण २०१३ मध्ये त्यांनी ‘होपलेस वाँडरर’चा व्हिडिओ केला आणि त्यात स्वतः गेलेच नाहीत. त्यांच्या जागी चार अमेरिकी विनोदी नट उभे केले: जेसन बेटमन, एड हेल्म्स, जेसन सुडेकिस, विल फोर्ट. खोट्या दाढ्या, टोप्या, गॅलिस, शेत, सगळं यथासांग. नट जीव तोडून भावुक होतात आणि शेवटी वाद्यं फोडून टाकतात. टवाळी करणाऱ्यांना करायला काही शिल्लकच ठेवलं नाही. दोन वर्षांनी बँडचा नवा अल्बम आला, त्यात बँजो नव्हता. इलेक्ट्रिक गिटार होती. वायरीसकट.

आपल्याकडे शेताऐवजी गच्ची असते. गेल्या उन्हाळ्यात भाचीला एक जुनं भावगीत गिटारवर करून ऑनलाइन टाकायचं होतं. आता मामा मीच, त्यामुळे थर्माकोलची शीट धरून तिच्या चेहऱ्यावर ऊन परतवायचं काम माझ्याकडे आलं. गाणं तिनं आधीच घरी कपाटाचं दार उघडून, आत रजया कोंबून रेकॉर्ड केलं होतं. गच्चीवर फक्त ओठ हलवायचे. ब्लूटूथ स्पीकर पाण्याच्या टाकीमागे. माळेसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, आणि तो नेमका चौकटीतून जात होता.

“मामा, ती वायर दिसतेय. त्या कुरडयांच्या कागदाखालून घाल ना.”

काकू तेवढ्यात कुरडया उलटायला वर आल्याच होत्या. “खालून नाही आणि वरून नाही. त्या अजून ओल्या आहेत. आणि काय गं, आवाज तर टाकीकडून येतोय, मग तू काय करतेयस?”

“काकू, शूटिंग चाललंय.”

“चालू दे की. मी कुठे नको म्हणतेय?” असं म्हणत त्या तिथेच उकिडव्या बसल्या.

ऊन उतरत होतं, थांबायला वेळ नव्हता. वायर तशीच राहिली, काकूही राहिल्या. वायर भाचीनं नंतर लॅपटॉपवर पुसून टाकली. इतकी सफाईदार की मलाही जागा सापडली नाही. काकू आणि कुरडया मात्र मागे छान पुसट दिसतात. व्हिडिओ बघून नाशिकच्या आत्याचा फोन आला, आवाज गोड लागलाय म्हणाली, आणि काकू कुरडया किलोवर देतात का म्हणून विचारलं.