फ्री थ्रोच्या रेषेवरचे पाच सेकंद

बास्केटबॉलची मॅच. ४७-४८, आम्ही एका गुणानं मागे. घड्याळात नऊ सेकंद. दोन फ्री थ्रो माझे, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून टाकायचे एकेका गुणाचे शॉट. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर आम्ही फायनलच्या दारात. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कड्यावर आपटून माझ्याकडेच परत आला. दुसरा तर कड्यापर्यंतही पोचला नाही.

नंतरचा आरडाओरडा मला आठवत नाही. आठवतो तो माझा उजवा कोपर. चेंडू सोडताना मी त्याच्याकडे बघत होते, सरळ आहे की बाहेर जातोय म्हणून.

त्या सीझनमध्ये मी रोज शंभर फ्री थ्रो टाकायचे. अठ्ठ्याहत्तर-ऐंशी जायचे. घरी येऊन सगळ्या मॅचच्या स्कोअरशीट मांडून बसले आणि मोजलं, तर २६ पैकी ११. रेषा तीच, बोर्डापासून ४.६ मीटर. रिंग तीच, ३.०५ मीटर उंच. समोर हात वर करून अडवायला कोणी नाही. मग मॅचमध्येच जात काहून नाही?

सगळ्यांनी सांगितलं, टेन्शन नको घेऊ, मन घट्ट कर. सांगणारे सगळे माझ्या मायेचे होते, पण घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांच्यातल्या कोणालाच सांगता आलं नाही. आमच्या सरांनी मात्र स्वच्छ सांगितलं, "बेटा, तुझा हात बिघडलेला नाही. हे माझ्या शिकवण्याच्या पलीकडचं आहे." आणि खेळाडूंसोबत काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमचा नंबर दिला. असं कबूल करणारा कोच मिळणं हे भाग्यच.

पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं, "त्या पाच सेकंदांत तू कुठे बघत होतीस?" पाच सेकंद म्हणजे रेफ्रीनं चेंडू हातात दिल्यापासून टाकेपर्यंतची मुदत. मी म्हटलं, कोपराकडे. त्या म्हणाल्या, तिथेच गाडी अडली. हजारो वेळा केलेली हालचाल अंगात मुरलेली असते. दडपण आलं की आपण तिची राखण करायला जातो, एकेक भाग तपासतो, आणि त्या तपासण्यानंच ती तुटते. मला पटेना. घरी येऊन आईला म्हटलं, पोळी लाटताना फक्त आपल्या बोटांकडे बघ. तीस वर्षं पोळ्या करणारी माझी आई, तिसऱ्या फेऱ्याला पोळी पोळपाटाला चिकटली. तेव्हा पटलं.

मग बघायचं कुठे? कॅनडातल्या जोन व्हिकर्स या संशोधक बाईंनी १९९६ मध्ये नेमका फ्री थ्रोवरच अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांचा नेम पक्का, ते खेळाडू चेंडू सोडण्याआधी रिंगवर नजर लवकर नेतात आणि जास्त वेळ तिथेच ठेवतात. माझी नजर तेवढ्या वेळात कोपर, रिंग, स्कोअरबोर्ड, परत रिंग अशी फिरून यायची. मॅडमनी एकच जागा ठरवायला सांगितली. मी रिंगच्या मागच्या बाजूचा, जाळी अडकवायचा मधला हुक निवडला.

त्याच्याभोवती आम्ही क्रम बांधला. चेंडू हातात आला की जमिनीवर तीन टप्पे, शिवण बोटांखाली आडवी, एक लांब उच्छ्वास, नजर हुकावर, मनात एक शब्द, आणि शॉट. मैत्रिणीनं मोबाइलवर वेळ लावली तर सव्वासहा सेकंद! मॅचमध्ये एवढा वेळ लावला असता तर शॉटच बाद. एक टप्पा कमी केला, उच्छ्वास शेवटच्या टप्प्यासोबतच सुरू केला, तेव्हा कुठे साडेचारवर आलं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, त्यानं धडधड जरा खाली येते.

शब्दाचा घोळ बरेच दिवस चालला. आधी मी 'शांत' घेतला होता. पण 'शांत' म्हटलं की आपण शांत नाही हेच आठवायचं. मॅडम म्हणाल्या, शरीराला काम सांगणारा शब्द घे. घाबरले की माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून चेंडू आखूड पडतो. म्हणून शब्द ठरला 'वर'. पायांतून वर. आणि छाती धडधडली की "मी घाबरले" असं म्हणायचं नाही, "अंग तयार झालं" म्हणायचं. हे दुसरं मला निम्म्याच वेळा जमतं.

रात्री अंथरुणावर डोळे मिटून दहा शॉट टाकायचे, हाही अभ्यासाचा भाग. हे सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात मनातल्या मनातसुद्धा चेंडू रिंगवर गरगर फिरून बाहेर पडायचा. एका रात्री रडलेच. मॅडमनी सांगितलं, तिथेच थांब, मागे जा, तळहाताचा घाम, शिवणीचा खरखरीतपणा आधी जाणव, मग हळू टाक. चेंडू आत पडायला तीन आठवडे लागले.

सगळ्यात अवघड होता दडपणाचा सराव. मे महिन्यात नागपुरात ऊन चढलं की सिमेंटचा कोर्ट तव्यासारखा तापतो, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचलाच जमायचो. शेवटी लाइन रनिंग, म्हणजे कोर्टच्या रेषांपर्यंत पळत जाऊन परत येणं, करून पाय लटपटत असताना मला दोन फ्री थ्रो. ज्युनिअर पोट्ट्या स्टीलच्या थाळ्या बडवणार. एक चुकला तर अख्खी टीम परत पळणार. पहिल्या आठवड्यात टीम खूप पळाली. चौथ्या दिवशी आमची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी पोरगी, सगळ्यांदेखत बोलली, "तुझ्यासाठी आम्ही काहून पळावं वं?" ते मॅच हरण्यापेक्षा जास्त लागलं. मी दोन दिवस ग्राउंडवर गेलेच नाही.

सरांनी मग नियम बदलला. चुकलं तर पळायचं मी एकटीनं, गेलं तर सगळ्यांना पाणी प्यायची सुट्टी. थाळ्या तशाच. माझं ठाम मत आहे, सरावात दडपण हवंच, पण त्याची किंमत सोबतच्या पोरींनी मोजू नये, आणि लहान खेळाडूंवर तर हा प्रयोग करूच नये. सेंटर नंतर स्वतःहून थाळी घेऊन उभी राहायला लागली. सगळ्यात जोरात तीच बडवायची.

याच काळात मी आमच्या नागपूरच्या ओजस देवतळेची २०२३ ची बर्लिनमधली फायनल पुन्हा पाहिली. जागतिक तिरंदाजी स्पर्धा, कंपाउंड म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याचा प्रकार, पंधरा बाण, १५० पैकी १५०. समोरच्याचे १४९. एक बाण नुसता नऊवर गेला असता तरी सोनं पक्कं राहिलं नसतं. पूर्वी मी बाण कुठे लागला ते बघायचे. आता दोन बाणांच्या मधला वेळ बघत होते.

मॅडमनी एक वही ठेवायला सांगितली. प्रत्येक फ्री थ्रोपुढे तीन रकाने, श्वास, नजर, वर. हो किंवा नाही. चेंडू गेला की नाही, हे लिहायचंच नाही. बाबांना हे काही केल्या उमजेना. मॅच झाली की त्यांचा पहिला प्रश्न, "किती गेले?" एकदा त्यांना वही दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत बसले. त्यानंतरच्या मॅचला त्यांनी फोनवर विचारलं, "श्वास सोडला होता ना?"

डिसेंबरमध्ये अकोल्याला सेमीफायनल होती. एका गुणानं मागे, अकरा सेकंद, आणि समोरच्या टीमनं माझ्यावर फाउल केला, म्हणजे परत दोन फ्री थ्रो माझे. रेषेकडे चालताना पाय जड झालेच, तोंड कोरडं पडलंच. रेफ्रीनं चेंडू दिला. टप्पा, टप्पा, हुक, वर. जाळी हलली तेव्हा आवाज आला, तो मी ऐकला. दुसऱ्याला तेच केलं. चेंडू कड्यावर उडाला आणि उजवीकडे पडला. तो खाली येईपर्यंत मी डिफेन्सला मागे पळाले होते. मागच्या फेब्रुवारीत, त्या ४७-४८ च्या मॅचला, मी रेषेवरच उभी राहिले होते, सेंटरनं हाताला धरून हलवलं होतं.

एक्स्ट्रा टाइममध्ये आम्ही तीन गुणांनी हरलो.

परतीच्या गाडीत बडनेरा गेल्यावर वही काढली. पहिला, श्वास हो, नजर हो, वर हो. दुसरा, श्वास हो. नजरेपाशी थांबले आणि डोळे मिटून ते पाच सेकंद परत पाहिले. चेंडू सोडायच्या आधी स्कोअरबोर्डवर बरोबरीचा आकडा लागला होता, तो मी पाहिला होता. लिहिलं, नजर नाही. वर हो. सेंटर खांद्यावर मान टाकून झोपली होती, तिला हलवलं आणि म्हटलं, उद्या थाळीसोबत स्कोअरबोर्डपण लागेल.