एक मार्चचं गिऱ्हाईक

एक मार्चला माझ्या इचलकरंजीच्या दुकानात तारखेची घड्याळं येणारच. मेकॅनिकल घड्याळाला प्रत्येक महिना 31 चाच वाटतो, त्यामुळे वर्षातून पाचदा तारीख हातानं पुढं न्यावी लागते आणि 28 दिवसांचा फेब्रुवारी संपला की एकदम तीन घरं. ज्यांच्या मनगटावर जुनी एचएमटी जनता किंवा पायलट आहे ते सुखी. त्यांना तारखेची भानगडच नाही.

त्या दिवशी शटर वर करतोय तोवर एक जॉबर, म्हणजे कारखान्यात माग दुरुस्त करणारा, दारात. रात्रपाळी उरकून थेट आलेला, केसांत कापसाचं तूस. मेव्हण्यानं दुबईहून आणलेलं ऑटोमॅटिक घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"रात्री सव्वाबाराला बघतोय तर 29 तारीख. चावी ओढून फिरवली, आत कट्‌ झालं. आता तारीख हलंनाच."

काटे काढले, डायल उचलली. तारखेच्या चकतीला आतून 31 दाते असतात. शेजारी चोवीस तासांत एक फेरा घेणारं चाक, त्याला एक बोट. रात्री नवाच्या सुमारास ते बोट दात्यांत शिरू लागतं, मध्यरात्री चकती ढकलतं आणि पहाटे तीन-चारपर्यंत पुरतं बाहेर येतं. मधल्या वेळात चावीनं चकती रेटली की मागचा दाता बोटावर आदळतो. इथं बोटाचं टोकच उडालं होतं. ते तांदळाच्या कणीहून बारीक टोक भिंग लावून शोधण्यात माझा अर्धा तास गेला. आत राहिलं असतं तर कुठल्यातरी चाकात अडकून घड्याळच बंद पाडलं असतं.

जॉबरला भिंगातून दाखवलं. "म्हणजे माग चालू असताना हात घातला की मी!" त्याला आणखी समजावायची गरज नव्हती. पण रात्रपाळीवाल्याची पंचाईत खरीच, त्याची सगळी ड्युटी नेमकी त्या वेळेत.

त्याच मशीनचं एक मेलेलं घड्याळ ड्रॉवरमध्ये होतं, त्यातलं चाक बसवलं. संध्याकाळी ड्युटीला जाताना तो आला, तेव्हा तारीख त्यालाच लावायला सांगितली. चावी पूर्ण ओढायची, तारीख बदलेपर्यंत काटे पुढं फिरवायचे. ती झाली मध्यरात्र. तसंच पुढं सकाळच्या सहापर्यंत यायचं. मग चावी मधल्या घरात ढकलून कालची तारीख लावायची, परत पूर्ण ओढून काटे पुढं आणायचे.

तो थांबला. "काल 28 होती. 28 लावली तर पुन्हा 29च येणार की ओ!"

मी हेच सांगणार होतो, त्यानं आधीच पकडलं. एक तारखेला मागचा महिना कितीचाही असो, 31 लावायची. त्यानं 31 लावली, काटे फिरवले, बारा ओलांडले, खिडकीत 1 आला. मग दुपारचे बारा ओलांडून संध्याकाळचे सात वाजवले.

"आता पुढची खेप एक मेला," मी म्हटलं.

"त्या दिवशी कामगारांची सुट्टी असतीया," घड्याळ बांधत तो म्हणाला. "निवांत दुपारी लावतो."