अंगठा काय करतो?

बेस गिटार वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे बघताना लोकांची नजर दोन बोटांवर असते. तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. मी आताशा अंगठाच बघतो. बेसमधून आवाज काढणं फार अवघड नाही. काढलेला वेळेवर थांबवणं आणि नको असलेला उमटूच न देणं, खरी मेख तिथे आहे.

बेसला सहसा चार तारा असतात, जाडीपासून बारकीपर्यंत 'ई', 'ए', 'डी', 'जी'. त्यातली सगळ्यात जाडी 'ई' सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते आणि एकदा सुरू झाली की लवकर थांबायचं नाव घेत नाही. शिवाय तिला हात लावायचीही गरज नसते. 'डी'च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर 'ई' वाजवा आणि ती तार लगेच दाबून बंद करा. शांतता व्हायला हवी, पण होत नाही. तिकडे जाडी तार आपली आपण गुणगुणत असते, कारण वाजवलेला सूर बरोबर तिच्या दुप्पट, म्हणजे ८२ चा. सतारीला याच गुणगुणण्यासाठी आपण मुद्दाम तरफेच्या तारा लावतो, त्यामुळे आपल्याकडच्या कानाला हे सुरुवातीला गोडच वाटतं. बेसमध्ये मात्र, ड्रम सुरू झाले की त्याचा नुसता गाळ होतो.

म्हणून अंगठा. 'ई' वाजवताना तो पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या कंप टिपणाऱ्या तुकड्यावर, टेकलेला असतो. बोटं 'ए'वर गेली की तो 'ई'वर उतरतो. 'डी'वर गेली की 'ए'वर, आणि जाता जाता कडेने 'ई'लाही दाबून धरतो. 'जी' ओढलेलं बोट पुढे जाऊन 'डी'वर टेकतं, म्हणजे तीही गप्प. उरलेल्या बारीक तारा डाव्या हाताच्या आडव्या पडलेल्या बोटांनी सांभाळायच्या.

डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन यातलं बरंचसं काम स्पंजावर सोपवायचा. १९६२चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या घोडीच्या) झाकणाखाली फोम, जाडजूड गुळगुळीत तारा (त्या तो सहसा बदलायचाच नाही), आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी! तिला 'हुक' असं नावच पडलं होतं. त्याचा तो ठसठशीत, लगेच मिटणारा सूर ऐकून मीही भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा कापून तारांखाली सरकवला. मस्त वाजतं. पण स्पंज सगळ्यांना एकाच मापाने गप्प करतो. एखादा सूर लांबवायचा म्हटलं तर तो ऐकत नाही. अंगठ्याला निदान सांगता येतं.

पाच तारांच्या बेसवर अंगठ्याचे हाल वाढतात, कारण तिथे सेकंदाला ३१ वेळा हलणारी 'बी'ही असते. दुकानात असा बेस हातात आला की मी काही न वाजवता आधी अंगठा कुठवर पोचतो ते बघत बसतो. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाइकाला वाजवता येत नाही.