मोहरी आणि साडेतीनशे पावलं

दुपारी तेल तापलं आणि मोहरीचा डबा उघडला तर तळाशी सात-आठ दाणे. गॅस बंद केला, मोबाइल उचलला. दहा मिनिटांत मोहरी दारात. आणणारा पोरगा धापा टाकत होता. लिफ्ट बंद होती म्हणे. व्यायाम झाला तो त्याचा. माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिवसभराची पावलं साडेतीनशे.

सदाशिव पेठेत आजीला यादी करणं म्हणून माहीत नव्हतं. आधी हिंग आण. हिंग आणला की गूळ. गूळ आणला की, "अरे, दळण राहिलंच की!" वाड्याच्या मागच्या दाराने निघायचं, शेजारच्या वाड्याच्या चौकातून पलीकडच्या बोळात. त्या चौकात कुणी वाळवण घातलेलं असलं, की पाय आपोआप हळू पडत. एकदा गूळ निम्मा वाटेतच संपला. वाण्याने वजनात मारलं म्हणून आजी तरातरा मला घेऊन दुकानात. म्हणजे आणखी दोन खेपा, आणि परतताना माझा कान तिच्या हातात.

याला चालणं कुणी म्हणत नव्हतं. चालायला म्हणून जायचं ते पर्वतीला, १०३ पायऱ्या. आठवड्याला १५० मिनिटं चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीने ती माझ्याकडून बुधवारपर्यंतच वसूल केली असती.

आता आम्ही शहराच्या कडेला. सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, जिम आहे, वाणी तेवढा नाही. तो हायवेपलीकडे. तिथवर फुटपाथ आहे म्हणायला. त्याची उंची नियमाने १५० मिलिमीटरच्या आत हवी. मी पट्टी लावून पाहिली (हो, लावली, वॉचमन बघत होता). फूटभर भरली. आईचे गुडघे तिथेच हात जोडतात. मग ती खाली उतरणंच टाळते.

महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. त्या दिवशी तिथे गाड्या बंद. एका वर्षी आईला मुद्दाम नेलं. रस्त्याच्या मधोमध, पदर सावरत, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत ती गरुड गणपतीपर्यंत चालली. गुडघ्यांचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभी.

"निघायचं ना?"

"आई, आज बारा तारीख."