एक तारा, फरसाण मऊ

रविवारी सकाळी नऊ ते अकरा मिसळवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. नाशिकबाहेर मळ्यात हॉटेल असेल तर विचारूच नका. गेल्या रविवारी त्याच गर्दीत सहा जणांचं एक टेबल लागलं, पाच तरुण मुलंमुली आणि एक आजोबा. संध्याकाळी गूगलवर एक तारा पडला: ‘कट कोमट, फरसाण मऊ, पाव चिवट.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच डोक्यातून जात नाहीत. फक्त त्या माझ्या भटारखान्यात घडल्या नव्हत्या.

मटकी शुक्रवारी रात्री भिजते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की रविवारी पहाटे अर्ध्या पेराएवढे मोड येतात. हे कुणीही करेल. खरी परीक्षा कटाची, म्हणजे मिसळीवरच्या तिखट रश्श्याची. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, कारण खोबरं आधी करपतं आणि करपलेलं खोबरं अख्खं पातेलं कडू करतं. वाटण परतताना कडेनं तेल सुटेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. बेडगी मिरचीची पूड आच मंद करून शेवटी घालायची. कडकडीत तेलात पडली तर लाल रंगाचा काळपट चॉकलेटी होतो. मग उकळतं पाणी, आणि पुढे नुसतं रटरटू द्यायचं. तेव्हा कुठे तर्री वर येते. ती शोभेला नसते. तेलाचा तो थर वाफ अडवतो, त्यामुळे खालचा कट गरम राहतो.

त्या टेबलावर हाच थर पळ्यापळ्यांनी मोडला. मोबाइल स्टँडवर, समोर रिंग लाइट. वाफ दिसत नाही म्हणून पंखा बंद करायला लावला. अहो, वाफ टिपायची तर मागे काळोख हवा आणि उजेड मागून हवा. समोरून झोत मारल्यावर कशी दिसणार? मग तर्री वरून ओतायचा शॉट. ‘काका, अजून एकदा टाका ना, मघाशी हात हलला.’ हातभर उंचीवरून बारीक धार सोडली की कट हवेतच निवतो, आणि खाली फरसाण आंघोळ करतं. तळलेल्या शेवेत पाणी उरलेलं नसतं, म्हणून ती कुरकुरते. रश्श्यात बुडाली की दोन-तीन मिनिटांत लगदा. म्हणूनच कट वेगळ्या वाटीत देतात. दोन घास खायचे, थोडा ओतायचा, परत खायचं. पाव तव्यावरून उतरल्या उतरल्या मऊ असतो, गार झाला की दातांशी भांडतो. आमचा वाढपी पोरगा कॅमेऱ्यासमोर पळी धरून उभा, आणि शेजारच्या टेबलावर माणसं पाव पाव करून ओरडतायत!

आजोबांनी मात्र पापड मोडून मिसळीवर चुरला होता आणि लिंबू पिळायला घेतलं होतं. ‘आजोबा, थांबा, हात येतोय!’ त्यांनी हात मांडीवर घेतला. जरा वेळानं हात धुवायच्या निमित्तानं उठले आणि गल्ल्यापाशी येऊन म्हणाले, ‘मालक, वाटीभर कट द्या, चांगला गरम. इथंच घेतो.’ उभ्या उभ्या दोन पाव संपवले, कपाळावर घाम आल्यावर रुमाल काढला. पैसे घ्या म्हणून हटूनच बसले.

रील मात्र झकास झाली. तीत माझा कट होता त्याहून दुप्पट लाल दिसतो. तो फिल्टरचा प्रताप. तेव्हापासून रोज दोन-चार टेबलं ‘ती वरून ओतायची मिसळ’ मागतायत. ताट समोर आलं की आधी मोबाइल, मग ‘एवढी लाल नाही वाटत.’ जीभ अजून लागलेलीसुद्धा नसते.

पुतण्या म्हणतो, काका, जमाना ओळखा. त्याची एक सूचना मी घेतली: अशा टेबलाला कट झाकणाच्या स्टीलच्या किटलीत जातो आणि फरसाण वेगळ्या वाटीत. नाचवा हवं तेवढं, खाताना तरी गरम राहील. दुसरी सूचना अशी की बेडगी कमी करून काश्मिरी मिरची वाढवा. काश्मिरीनं रंग भडक चढतो, पण ठसका कमी होतो, आणि नुसता रंग खायला इथवर गाडी काढून येणारं माझं जुनं गिऱ्हाईक नाही. उद्या मसाला कुटायला द्यायचाय. यादीत काश्मिरीपुढे पुतण्यानं दोन किलो लिहिलंय. मी ते खोडलेलं नाही आणि बेडगीचा आकडाही कमी केलेला नाही.